मापापुरता अंगठा

चिआतुराहून बाई आली ती हार्ड डिस्क
पावाच्या पिशवीत घालून, वर लोकरी मोजा चढवलेला.
गॅलरीतून पडली, म्हणाली. मग थांबून : मीच पाडली.
मग आणखी थांबून : फेकली.

नाव त्सिआला. नवरा जुम्बेर,
खाणीवरच्या रोपवेचे दोर तपासायचा, बत्तीस वर्षं.
मे महिन्यात वर्षश्राद्ध. थडग्याच्या दगडावर चेहरा कोरायचाय,
आणि फोटो सगळे यात.
शब्द ठाऊक आहे, पोरी. पन्नास वेळा घातला.
घेत नाही.

मी आधी शरीर पाहिलं. कानाशी धरलं :
टिक, टिक, मग बराच वेळ काही नाही, मग टिक.
हेड वाकलेलं. त्बिलिसीच्या एका भंगारवाल्याकडून
त्याच कंपनीची, त्याच महिन्यात जन्मलेली जुळी डिस्क मागवली,
काचेच्या पेटीत हात घालून, श्वास आवरून
तिचं हेड हिला बसवलं.
अकरा दिवस कुताइसीतल्या माझ्या तळघरात
ती पोटातलं सगळं हळूहळू ओकत राहिली.

सगळं मिळालं. शेवटच्या कणापर्यंत.
आणि काहीच मिळालं नाही.
कुलूपबंद डेटा दहादा दळलेल्या पिठासारखा दिसतो.
निवडायला खडा नाही, ओळखायला दाणा नाही,
गहू होता की वाळू, पीठ सांगत नाही.

तिजोरी फुटते, हे गणित फुटत नाही,
मी फोनवर सांगितलं. सूर्य विझेपर्यंत यंत्र चालवलं तरी.
सूर्याचं राहू दे, ती म्हणाली,
मे कधी येतो ते मला माहीत आहे.

शब्द होता बागिरी. म्हणजे दोर.
पुढे चार आकडे, सतरा नंबरचा दोर बदलला ते वर्ष.
हॉस्पिटलात नळी काढल्यावर
त्याने आधी हे सांगितलं होतं, मग पाणी मागितलं.
मी तो जॉर्जियन लिपीत घातला, रोमनमध्ये घातला,
आकडे आधी, आकडे नंतर, मध्ये जागा सोडून.
हात टेकले.

मग एका रात्री कीबोर्डवरची धूळ पुसता पुसता वाटलं,
हा माणूस टाइप करायला शिकला कुठे?
दोरखान्याच्या कचेरीत. तिथलं यंत्र कायम रशियनवर,
कोपऱ्यातली ती दोन अक्षरं कोण बघतं?
पासवर्डच्या रकान्यात नुसती टिंबं उमटतात,
टिंबांना लिपी नसते.
बोटं जॉर्जियन बोलली, यंत्राने रशियन ऐकलं,
सहा अक्षरं, जी कुठल्याच भाषेत काही नव्हेत,
आणि नऊ वर्षं दोघांचं त्यावर उत्तम चाललं.

मी भाषा बदलली. त्याच कळा दाबल्या.
दार उघडल्याचा आवाज वगैरे होत नाही.
फोल्डर दिसतात, एवढंच.

चार हजार सहाशे फोटो. एकातही चेहरा नाही.
दोर. दोराची वीण. तुटलेली तार. चाकाची झीज.
आणि प्रत्येक फोटोत, माप कळावं म्हणून,
दोराशेजारी धरलेला त्याचा अंगठा.

बाई खुर्ची ओढून बसली. चहा निवला.
एका मार्चात नख काळं पडलं,
मे-जूनमध्ये काळं वर सरकत गेलं,
ऑगस्टात टोकाला नुसती कोर उरली, मग तीही कापली गेली.
डब्याचं दार लागलं असणार, ती म्हणाली.
मला म्हणाला होता, कुठे काय झालंय.

दगड कोरणारा वालिको फोनवर ओरडत होता : चेहरा पाठवा, चेहरा!
तिने नऊ फोटो निवडले, मग सहा, मग पुन्हा अकरा.
पासवर्ड काढून टाकू का, मी विचारलं.
नको. राहू दे. फक्त कागदावर लिहून दे
भाषा कुठली लावायची ते.

ती गेल्यावर दिसलं, मोजा टेबलावरच राहिलाय.
डाव्या पायाचा की उजव्या,
उलटसुलट करून पाहिला.
सांगता येत नाही.